गूळतुलेआधीचे नव्वद दिवस

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून सुरुवात. नवी वही, नवा पेन. ही वही कुणीच वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं. सत्यशीलेच्या हाती लागू नये म्हणून ड्युटीच्या पिशवीत, डब्याखाली ठेवणार. बायको डबा भरते, पण डब्याखाली बघत नाही.

माहिती. वय ४८. वजन ११४ (दवाखान्याच्या काट्यावर, बूट घालून). उंची पाच सहा. नोकरी साखर कारखान्यात, काटा क्लार्क. सतरा वर्षं लोकांचा ऊस तोलतोय.

दिवाळीत छातीत दुखलं. बीडला तीन दिवस ॲडमिट. एक नळी जरा अरुंद आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. परवा पुन्हा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, एप्रिलच्या मध्यात या, आणि शंभरच्या आत येऊन या. विचारलं, नाही आलो तर? ते पेनाला टोपण लावत म्हणाले, तुमचे मोठे बंधू माझ्याकडेच होते ना.

अमरसिंहदादा. एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. चहाचा कप हातात होता. मला जूनमध्ये एकोणपन्नास.
भीती वगैरे काही नाही. फक्त नोंद.

मी दवाखान्यात असताना आई गावातल्या मारुतीला बोलली होती: लेक धड घरी आला तर त्याच्या भारंभार गूळ वाटीन. हनुमान जयंतीला, १२ एप्रिलला, सगळ्या उमापूरसमोर तराजूत बसायचं आहे. आजपासून बरोब्बर नव्वद दिवस.

डाएट करायचा नाही. दादाने केला होता, दोन महिने उकडलेले मूग. आईचं म्हणणं, तो आधी वाळला आणि मग गेला. हे शास्त्रीय नाही हे मला कळतं. पण मूग दिसले की माझे तळहात गार पडतात. म्हणून मनाचा कोर्स लावलाय. फोनवर. पवन सरांचा. डाएट न करता, मनातून हलके व्हा. मुदत नव्वद दिवस. हा योगायोग नाही, इशारा आहे.

१३ जानेवारी
पहिला धडा. कुठलंही अन्न वाईट नसतं, आपण त्याला घाबरतो म्हणून ते आपल्याला चिकटतं. कशालाही नाही म्हणू नका. सर फार सडपातळ आहेत. माणूस पटला.
उद्या संक्रांत.

१५ जानेवारी
तिळाच्या पोळ्या काल पाच. आज उरलेल्या तीन. एकाही पोळीला घाबरलो नाही.

१८ जानेवारी, शनिवार
धडा दुसरा. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. मेंदूला पोट भरल्याचा निरोप वीस मिनिटांनी जातो.
दुपारी अंमलबजावणी. अडचण अशी की माझा सहावा घास चालू असताना बाकीच्यांची जेवणं उरकली. ताटावर एकटाच. आई समोर येऊन बसली. तिला वाटलं अजून भूक आहे, वाढलं. ते बत्तीस वेळा चावेपर्यंत तिने पुन्हा वाढलं. दीड तास चाललं. निरोप गेला असेल, पण ताट मोकळं असलं तर ना.
जबडा दुखतोय. जबड्यात दुखणं हेसुद्धा हार्टचं लक्षण असतं असं फोनवर वाचलं. डावा का उजवा, ते दिलेलं नाही. दोन्ही दुखतायत.

२६ जानेवारी. दुपारी १२.३०
झेंडावंदन. जिलबी. राष्ट्रीय सण.
धडा तिसरा. आरशासमोर उभं राहून स्वतःला बारीक बघा. मन जे बघतं तेच शरीर होतं. आमच्या कपाटाचा आरसा अरुंद आहे, त्यात मी निम्माच येतो. निम्मा मी चांगला बारीक दिसतो. रोज पाच मिनिटं बघणार.
सत्यशीला म्हणाली, कपाट अडवून उभं ऱ्हाऊ नका, मला साडी काढायचीय.

३ फेब्रुवारी, सोमवार
सरांनी नव्वद दिवस वजनकाट्यावर चढायला बंदी केलीय. आकड्याला घाबरल्याने वजन वाढतं म्हणे. माझी हरकत नाही. पण मी दिवसभर साठ टनांच्या काट्यापाशी बसतो, करू काय?

दुपारी गाड्या थांबल्या तेव्हा सहज काट्यावरून चालत गेलो. सहज मधोमध थांबलो. केबिनमधून रामहरी ओरडला, एकशे वीस! सोबत काम करतो म्हणून काहीही ओरडायचं का. खाली ट्रॅक्टरवाले हसले. एकाने विचारलं, मोळ्या किती बसतेत ह्या गाडीत?

आमचा काटा वीस-वीस किलोच्या टप्प्याने बोलतो. म्हणजे एकशे दहा असलो तरी एकशे वीसच दाखवणार. तेव्हा मी एकशे दहा आहे असं धरतो. तीन आठवड्यांत चार किलो कमी. मनाची ताकद.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज काट्यावर एक प्रकार झाला.
चकलांब्याचा ट्रॅक्टर होता. गाडी काट्यावर घेतली, ड्रायव्हर खाली उतरला आणि छाती धरून चाकाला टेकला. पस्तीस-चाळिशीचा असेल. अंगाने काटक, माझ्या निम्मा. तोंडावर घामाचे थेंब. लोक धावले. कुणी कांदा आणा म्हणतंय, कुणी बूट काढा म्हणतंय. जीपमध्ये घालून नेला.
मी केबिनच्या काचेतून बघत होतो. उठलो नाही. गाडीचं वजन स्थिर झालं होतं, पावती काढली. दहा टन दोनशे ऐंशी.

मग कॅन्टीनला गेलो. वडे सात. भजी एक प्लेट. परत वडे दोन.
कोर्समध्ये एक तक्ता आहे. काय खाल्लं, आणि खाण्याआधी मनात काय होतं. पर्याय आहेत: भूक, कंटाळा, राग, एकटेपणा, भीती. कंटाळा लिहिलं.

१२ फेब्रुवारी
तो ड्रायव्हर आज परत आला. पित्त होतं म्हणे, रातच्याला शिळं खाल्लतं. सगळ्यांना हसत सांगत होता. मला म्हणाला, काय साहेब, तुमी न्हाई आलते खाली? म्हटलं, काटा सोडता येत नाही.
आनंद झाला. आनंदाने वडे चार. तक्त्यात आनंद हा पर्यायच नाही. सरांना कळवायला हवं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आज खरा प्रयोग केला. नोंदवून ठेवतो, म्हणजे प्रयत्न केला नाही असं पुढे मलाच वाटायला नको.
धडा पाचवा. भुकेला दहापैकी मार्क द्या. सातच्या खाली असेल तर ताटावरून उठा. जेवायला बसलो, विचारलं पोटाला, तीन म्हणालं. उठलो. हात धुतले.
आई समोर उभी. भाजीचं पातेलं तसंच हातात. मग हळूच म्हणाली, अमरूबी असाच उठायचा.
परत बसलो. बत्तीस वेळा वगैरे नाही. सरळ जेवलो. ती समोर बसून बघत होती आणि मी तिला दिसेल असं खात होतो. लहानपणी शाळेतून आल्यावर पाढे म्हणून दाखवायचो तसं.
प्रयोग यशस्वी. उठता येतं हे सिद्ध झालं.

२ मार्च, रविवार. दुपारी ३.१५
शंभर!!
काट्यावर उभा राहिलो, आकडा शंभर. रामहरीलाही बोलावून दाखवला. दीड महिन्यात दहा ते वीस किलो. डाएट नाही, मूग नाहीत, पळापळ नाही.
रामहरी म्हणाला, झिरो कधी केलतं बे, खालचा पाला झाडायच्या आधी का नंतर? म्हटलं, तू खोरं जागेवर ठेव.
काट्यावर उसाचा पाला आणि चिखल साचतो. तो असताना शून्य केलं आणि मग झाडलं, तर काटा तेवढं कमी दाखवतो, हे मला सतरा वर्षं माहीत आहे. गाड्या सुरू व्हायच्या आत शून्य परत केलं. शेतकऱ्याच्या उसाचा प्रश्न आहे. माझं माणसाचं वजन, त्याला तो नियम लागत नाही.

५ मार्च
रामहरीच्या मेव्हण्याचा साखरपुडा. येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. शंभरच्या आकड्याबद्दल मी खाऊ घातलं. सरांचंच वाक्य आहे, प्रत्येक यश साजरं करा. काळं मटण, भाकरी पाच. रामहरी तीनवर थांबला. मनाची तयारी नाही त्याची.
ढाब्याच्या पाच पायऱ्या उतरताना छातीत काहीतरी फडफडलं. मोटरसायकलला धरून उभा राहिलो. रामहरीला म्हटलं, किल्ली शोधतोय. तो म्हणाला, किल्ली माझ्यापशी हाय.

१४ मार्च, धुळवड
काल होळी. पुरणाच्या किती ते लिहीत नाही. आकड्याला घाबरल्याने वजन वाढतं.
पँटचा हूक तुटला. कापड आटलंय. सत्यशीला म्हणाली, टेरिकॉट आटत न्हाई. तिला कापडातलं काय कळतं. (तिचे वडील शिंपी होते. तरीही.)

१९ मार्च
हंगाम संपला. काटा बंद. आता घरीच.
घरी एक गोष्ट लक्षात आलीय. केबिनमध्ये गाड्यांच्या आवाजात ऐकू यायचं नाही. इथे दुपारी सगळे पडले की छाती ऐकू येते. दोन ठोके बरोबर, एक चुकल्यासारखा. मोजत बसलो. मोजल्याने वाढतात. मग उठून डब्यातले शेंगदाणे. चावण्याच्या आवाजात छातीचा आवाज येत नाही. हे मी शोधलंय, कोर्समध्ये नाही.

२४ मार्च, सोमवार. सायंकाळी ६.००
सरांचं ऑनलाइन सेशन. महाराष्ट्रातून दीड-दोनशे लोक. शेवटी म्हणाले, मनातला कुठलाही प्रश्न विचारा, लाजू नका.
मी टाइप केलं, भीती वाटल्यावर खाल्लं तर काय करायचं. खोडलं. मग टाइप केलं, माझा भाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी. खोडलं. मग पाठवलं, पुरणपोळी चालते का.
सरांनी वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

३० मार्च, पाडवा
आईने गूळ सांगितला. दहा किलोची एक, अशा बारा ढेपा. मी म्हटलं दहा पुरे, शंभर किलो झालोय. आईने मला वरून खाली बघितलं आणि आणखी एक ढेप बाजूला काढून ठेवायला दुकानदाराला निरोप धाडला. म्हणाली, मी जन्मापासून बघतीय तुला, तुझा काटा काल आलाय.
सत्यशीला हसली. मग हसता हसता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कांदा चिरत होती म्हणे. आज कांद्याचं काहीच नव्हतं.

५ एप्रिल. सकाळी ६.२०
चालायला निघालो. शाळेच्या कोपऱ्यावर कुत्रं बसलेलं. माघारी आलो. हार्टच्या पेशंटने दचकू नये. एकूण चारशे पावलं, जाऊन-येऊन.

७ एप्रिल, सोमवार
पाच दिवस राहिले. निर्धार. तुलेपर्यंत उपवास. हा डाएट नव्हे, धर्म आहे. दोन्हींत फरक आहे. डाएटला आई रडते, उपवासाला आई साबुदाणा भिजवते.

९ एप्रिल
उपवास उत्तम. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, सायंकाळी परत खिचडी कारण सकाळची उरली होती. रताळी तुपात. हलकं वाटतंय.

११ एप्रिल, शुक्रवार. सायंकाळी ५.३०
उद्याची तयारी. केस बारीक केले. दाढी. नखं. घड्याळ, अंगठी, पाकीट, मोबाइल घरी ठेवणार. धोतर पातळातलं पातळ. हे सगळं मिळून अर्धा किलो तरी जाईल.
अंघोळीच्या वेळी स्वतःला पूर्ण बघितलं. कपाटाच्या आरशात नाही, खाली मान घालून. पाय दिसले नाहीत.
आईला म्हटलं, गूळतुला पुढच्या वर्षी केली तर? ती म्हणाली, देवाला तारीख देऊन फिरवायची असती का रं? म्हटलं, मला बरं वाटत नाही. तिच्या हातातली परात सुटली. तेव्हा म्हटलं, गंमत केली.

१२ एप्रिल, हनुमान जयंती. सकाळी ११.४०
सगळं आहे तसं लिहितो.
रामहरीच्या चुलत्याच्या आडतीवरचा जुना दांडीचा तराजू. देवळासमोर लोखंडी घोडीला टांगलेला. दोन्ही पारडी रिकामी असताना मी सवयीने काटा बघितला. मधोमध. तसूभर फरक नाही. त्या क्षणी कळलं की आज बोलायला जागा राहिली नाही.

बसलो. माझं पारडं जमिनीला टेकलं. समोर आईने पहिली ढेप ठेवली, बाकीच्या पोरांनी. माइकवर मोजणी चालू. सात. आठ. दहाला मी मनात हलका झालो, सर सांगतात तसा, पीस झालो, कापूस झालो. पारडं हललं नाही. अकरा. बारा. टाळ्या वाजवायच्या म्हणून लोकांनी हात वर घेतलेले, ते तसेच राहिले. कुणीतरी म्हणालं, सुंदरराव, पाय वर घ्या, भुईला लागलेत. घेतले. तरी जमिनीवरच. मागून आवाज आला, कारखान्याचा काटा आणा बे, ह्यो दमला. सगळं देऊळ हसलं. पुजारीसुद्धा.

रामहरी दुकानात पळाला. बाजूला ठेवलेली ढेप आली. ती आख्खी टाकली तर जास्त होईल म्हणून फोडली. तुकडा तुकडा टाकत होते. मी प्रत्येक तुकड्याकडे बघत होतो. चार किलो, साडेचार. मग पारडं उचललं गेलं. हवेत लोंबकळलो. पायाखाली काही नाही, छातीत धडधड, साखळी धरलेले हात लटलट कापायला लागले. माइकवर म्हणाले, बघा, भक्तीने थरथरतेत.
एकशे पंचवीस.

एकटी आई हसत नव्हती. ती तराजूकडे डोळे लावून उभी होती, मार्कशीट वाचावी तशी. तिच्या तोंडावर मी पास झालो होतो.

नंतर गूळ फोडून वाटला. जो तो पदरात, रुमालात, पिशवीत घेऊन चालला. तासाभरात माझं सगळं वजन गावात वाटून झालं. आम्ही तिघं आमचा वाटा घेऊन घरी आलो.

१२ एप्रिल. सायंकाळी ६.४०
पवन सरांचा मेसेज. अभिनंदन, तुमचे नव्वद दिवस पूर्ण झाले, तुमचा अनुभव दोन ओळींत लिहा. चार वेळा सुरुवात केली. फोन बंद केला.
डॉक्टरांची तारीख मंगळवारी. सत्यशीला म्हणाली, मी येते सोबत. तिला कधी सांगितलं नव्हतं शंभरच्या आत यायचं ते. तिला माहीत होतं. दवाखान्याचा कागद तिच्या पर्समध्ये जानेवारीपासून आहे. मग मला काही बोलली का नाही, विचारलं. म्हणाली, बोलून तुमी अजून भ्याला असता.

मघाशी आई अंगणात बसली होती. जवळ बोलावलं. म्हणाली, म्होरल्या सालाचंबी बोलून आलीय मारुतीला. पेढे सांगितलेत. म्हटलं, आजचं फिटलं ना, परत कावून? ती म्हणाली, द्यायचं राहिलं असलं म्हंजी त्याला तुला ठिवावं लागतंय.
मी विचारलं, दादाच्या वेळी बोलली नव्हतीस का?
बोलले होते, म्हणाली. नारळाचं.
मधे ताटलीत गूळ होता. तिने एक खडा मला दिला, एक स्वतः घेतला. दोघंही खात बसलो.